आबांच्या गाडीचे पाटे

तिसऱ्यांदा स्प्रिंगचे पाटे बसवताना मी त्या गाडीला मनसोक्त शिव्या घातल्या. ऊसतोडीचा हंगाम, दारात ट्रॅक्टरांची रांग, आणि मी, सिरसाळ्याचा उत्तरेश्वर मिस्तरी, नव्वद वर्षांच्या विलायती मोटारीखाली उताणा पडलेलो.

गाडी आबांची. त्यांचे चिरंजीव विजयसिंहदादा तीस वर्षं पुण्यात होते, आबा गेल्यावर गावी आले. वर्षश्राद्ध झालं तसं दादांच्या आईनं, सुभद्राबाईंनी, अंबाजोगाईला देवीला जायचं ठरवलं, आणि तेही याच गाडीतून. पण गाडी इतकी आदळायची की म्हातारीची कंबर मोडावी. "आबांच्या वेळी गादीवर बसल्यासारखं वाटायचं म्हणते आई," दादा रोज ऐकवायचे. शुक्रवारी निघायचं होतं.

दोन पाटे काढले तर खड्ड्यात बूड टेकलं. परत घातले तर धोंड्यावर बसल्यागत. त्यात दादांना वेग हवा, म्हणून मागच्या चाकांचा गिअर उघडला, तर आत मालट्रकासारखा, ओझं ओढणारा संच. असल्या ऐटदार गाडीला तो कशाला, देव जाणे. गाडीनं मला नुसता काव आणला.

गुरुवारी शेवटची चक्कर. दादा चालवत होते, मागं सुभद्राबाई एकट्या. प्रत्येक खड्ड्याला त्या उडायच्या, मी दादांशेजारी ओशाळून बसलेलो. फाट्यावर ऊसतोडीच्या पाच बाया कोयते घेऊन उभ्या होत्या.

"थांबीव," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि पाचही जणींना आत घेतलं. दादांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

त्यांच्या वजनानं गाडी खाली दबली. पुढं तेच खड्डे, पण धक्का म्हणून लागेना. भरल्या गाडीनं चढसुद्धा सहज काढला.

"आबा असे लोक भरायचे?" दादांनी विचारलं.

"रिकामी गाडी कधी न्हेलीच न्हाई त्यांनी. पाटे, गेर, समदं त्यापायीच बदलून घेतलतं."

माझं डोकंच सणकलं. "काकू, तीन येळा खोलली मी ही. सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी दोघं पाटेच मोजत बसलतात. गाडीत कोण बसायचं, ते इचारलं कुणी?"

बाया आपल्या कोप्यांपाशी, पाचटाच्या झोपड्यांपाशी, उतरल्या आणि गाडी पुन्हा आदळू लागली. दादांनी वेग कमी केला. रस्त्याच्या कडेनं कुणी चालतंय का, ते बघत राहिले.