बेचाळीस गाठी

दोरीला बेचाळीस गाठी होत्या. उर्वीने त्या दोनदा मोजल्या, मग दोरी ओसरीवर थोडी-थोडी सरळ पसरून गाठींमधलं अंतर टेपने घेतलं. सगळ्यात कमी एकोणपन्नास सेंटिमीटर, सगळ्यात जास्त एक्कावन्न. टोकाला स्टीलचा छोटा डबा बांधला होता. तळाशी थोडी वाळू, झाकण पक्कं. बादलीत सोडून पाहिला, तर ऐटीत तरंगला.

"बाबा, दोरी बरोबर आहे!" ती जवळजवळ ओरडलीच.

"मग? सव्वीस वर्षं काय अंदाजपंचे मोजून राहिलो होतो का मी?" वसंतराव खुर्चीतून म्हणाले.

मुरुडच्या शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. शाळेत असताना आणि निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी सात वाजता ते परसातल्या आडात ही दोरी सोडत. डबा पाण्याला टेकला की तरंगायचा, हातातली दोरी हलकी व्हायची. तोवर गेलेल्या गाठी वहीत लिहायच्या. एक गाठ म्हणजे अर्धा मीटर. अशा तीन वह्या भरल्या होत्या, चौथी चालू होती.

काल दुपारपासून उर्वीने त्या चारही वह्या लॅपटॉपवर उतरवल्या होत्या. पंचवीस वर्षांच्या रेषा दिवाळीनंतर खाली उतरत होत्या आणि मार्चपर्यंत तीस-एकतीस गाठींवर जात होत्या. यंदाची रेषा दिवाळीत बावीसवर आली आणि मार्च उजाडला तरी तिथेच थांबली होती. बावीस, एकवीस, बावीस, बावीस. गल्लीतले तीन बोअर आटले होते, आणि या आडाचं पाणी हललंही नव्हतं. खडकात भेग असेल का? कुठून झिरपत असेल? उद्या, सोमवारी, तिला हैदराबादच्या भूजल प्रकल्पात हजर व्हायचं होतं. रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं, आणि पहिल्याच दिवशी हातात असं काही! तिने आलेख तिथल्या प्रमुख मॅडमना पाठवला. सकाळी एका ओळीचं उत्तर आलं: 'फारच छान. मोजण्याचं साधन तपासलंस का?'

म्हणून ही दोरी.

धोंडाबाई चहाचे दोन स्टीलचे ग्लास घेऊन आल्या. त्या सकाळी दोन तास येत, भाकरी-भाजी करून जात. बाकी वेळ घरात वसंतराव एकटेच. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. उर्वीने नेमणूक घ्यावी की नाही यावर फोनवर महिनाभर वाद झाला होता. कोणी सोबत असायची गरज असती, तर तुला जा म्हणालो असतो का, या त्यांच्या वाक्यावर तो मिटला होता.

उर्वीने ग्लास उचलला आणि लगेच खाली ठेवला. मग ओढणीचं टोक गुंडाळून पुन्हा धरला. वसंतरावांनी आपला ग्लास मुठीत धरून चहा निवांत संपवला. त्यांच्या दोन बोटांना पट्टी होती.

"हे काय झालं?"

"दूध उतरवलं. सांडशी सापडंना."

"सांडशी म्होरंच हुती, गुर्जी," धोंडाबाई म्हणाल्या. "ताय, परवाची गंमत सांगू का? गुर्जी बाजारातून आले, तर एकाच पायात चप्पल! दुसरी पिठाच्या गिरणीपाशी पडल्याली. गिरणीवाल्या मलप्पानं आणून दिली. म्हनला, गुर्जींना पत्त्याच न्हाई!"

"डोक्यात विचार असला की होतं असं," वसंतराव म्हणाले.

"हाव, लई विचार," धोंडाबाई हसत आत गेल्या. उर्वीही हसली. सातला पाच मिनिटं कमी होती.

"चला बाबा! आज मी चित्रण करणार. मॅडमना पद्धत दाखवते."

आडाच्या कठड्यावर फोन टेकवून तिने तो सुरू केला. वसंतरावांनी सदऱ्याच्या बाह्या सावरल्या, वर्गासमोर उभं राहावं तसे उभे राहिले आणि दोरी सोडू लागले. एक, दोन, तीन. त्यांच्या मागून उर्वीही पुटपुटत होती. वीस. एकवीस. बावीस.

"टेकला," ते म्हणाले. "लिही."

उर्वी पेन उघडून थांबली. खालून आवाज आला नव्हता. तिने फोन उचलला, त्याचा दिवा लावला आणि वाकून पाहिलं. डबा कोरड्या हवेत लटकत होता, स्वतःभोवती सावकाश फिरत. पाणी त्याच्या कितीतरी खाली चमकत होतं.

"लिहिलंस का?"

"बाबा, अजून सोडा."

"कशाला? दोरी हलकी झाली की."

"सोडा ना. माझ्यासाठी."

त्यांनी सोडली. तेवीस. चोवीस. उर्वीने मोजणं थांबवलं नाही. एकतीसला खालून 'टप' असा बारीक आवाज आला. बत्तिसावी गाठ गेली, तेहतिसावी गेली. पाण्यावर दोरीचं वेटोळं पडू लागलं. वसंतराव सोडतच होते.

तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

ते थांबले. कठड्यावरून वाकून त्यांनी दिव्याच्या उजेडात खाली पाहिलं, बराच वेळ. मग आपला तळवा उलटा-सुलटा करून पाहिला.

"दोरी तपासलीस."

"हो."

"डबा?"

"तोही."

"मग एक साधन राहिलं." उत्तरपत्रिकेत अनपेक्षित बरोबर उत्तर सापडावं तसा त्यांचा आवाज चढला. "दिवाळीपासूनच ना? म्हणजे दिवाळीपासून. बघ, वहीत सापडलं की नाही!"

"बाबा, रक्तातली साखर शेवटची कधी तपासली होती?"

"तुझी आई दवाखान्यात न्यायची तेव्हा."

ते चालत ओसरीवर आले. उजवी चप्पल आडापाशीच राहिली होती. उर्वीने ती उचलून आणली तेव्हा ते खुर्चीत बसून दोन्ही पाय पाटावर ठेवत होते. त्यांनी पायांकडे पाहिलं, तिच्या हातातल्या चपलेकडे पाहिलं.

"पेन्सिल घे," ते म्हणाले. "बोथट बाजूनं टेकव. मी डोळे मिटतो. जाणवलं की हां म्हणेन. कधी टेकवतेस ते मला कळता कामा नये, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. दहा-दहा वेळा."

"बाबा..."

"गाडी रात्रीची आहे. वेळ आहे. सुरू कर."

धोंडाबाई पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. उर्वीने खाली बसून चौथ्या वहीच्या नव्या पानावर दोन रकाने आखले. वसंतरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले, मान थोडी पुढे काढली. एकदा ते 'हां' म्हणाले तेव्हा पेन्सिल तिच्या हातात, हवेतच होती. ते तिने मोजलं नाही.

सात वाजून चाळीस मिनिटांनी पान पुरं झालं.

पाणी: एकतीस गाठी. उजवा पाय: दहापैकी तीन. डावा पाय: दहापैकी दोन.