गाडीतले अण्णा

त्या संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. म्हातारी माणसं घरच्या खुर्च्या घेऊन आली होती, बायका पोरांना काखोटीला मारून आल्या होत्या, आणि उरलेले जिन्यावर उभे राहून पुढच्याच्या खांद्यावरून माना लांब करत होते. सगळ्यांचे डोळे एका जुन्या राखाडी गाडीवर खिळले होते. गाडीपुढच्या खुर्चीत महाराज डोळे मिटून बसले होते. मागे त्यांचा शिष्य उभा होता, अंगावर शाल आणि दोन्ही हात शालीच्या आत.

"अण्णा, आलात का?" महाराजांचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता.

गाडी 'टुक' करून बोलली. चारी दिवे लुकलुकले. गर्दीचा श्वास एकदम वर गेला.

"एक आवाज म्हणजे हो, दोन म्हणजे नाही," महाराजांनी नव्यांना समजावलं. "आत्म्याला जीभ नसते, बाळांनो. पण देह म्हणजे इंजिन आणि आत्मा म्हणजे करंट! इंजिन बंद पडलं म्हणून करंट मरतो का? तो बॅटरीत जाऊन बसतो!"

"काय ज्ञान आहे!" तळमजल्याच्या काकू पदरानं डोळे टिपत म्हणाल्या.

"माझ्या इन्व्हर्टरमध्ये कोण बसलंय ते एकदा विचारा की," जिन्यावरून कुणीतरी पुटपुटलं. चारजणांनी त्याला गप्प केलं.

सगळ्यात मागे, खांबाला टेकून अण्णांची लेक उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून इमारतीनं तिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं. दिवसभर फळ्यासमोर उभं राहून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. वडील जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून घर, शाळा, आईचा दवाखाना या तिन्ही ओझ्यांखाली तिची पाठ वाकली होती. समोरच्या तमाशाचा तिला रागसुद्धा येत नव्हता. राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं.

तेवढ्यात आई पुढे झाली. तिनं गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळली होती. ओढणीखाली गाठ होती. सुईची तपासणी चांगली आली नव्हती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ही गाठ थांबणारी नाही. गुरुवारची तारीखही दिली होती.

"अहो," आई गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाली. चाळीस वर्षं नवऱ्याला जशी हाक मारली तशीच. "ऑपरेशन नको ना करू?"

"प्रश्न सरळ विचारा, माउली," महाराज म्हणाले. "अण्णा, ऑपरेशन करायचं का?"

टुक. टुक.

आई रडायला लागली. पण ते सुटकेचं रडणं आहे हे लेकीला लगेच कळलं. महाराज डोळे मिटून स्तब्ध राहिले, गर्दीही स्तब्ध राहिली, आणि थोड्या वेळानं कुणी काही न विचारता गाडी आपणहून पुन्हा एकदा 'टुक' करून बोलली.

"आशीर्वाद!" महाराज उद्गारले. "अण्णा आशीर्वाद देऊन गेले."

मास्तरीण खांबापासून सुटी झाली. हा आपणहून येणारा आवाज तिनं आधीही ऐकला होता. 'हो' नंतर तो कधी येत नसे. 'नाही' नंतर मात्र हमखास येई. अण्णा फक्त नकार देऊनच आशीर्वाद का देतात?

हे सगळं सुरू झालं होतं गाडीच्या रडण्यावरून. अण्णा गेल्यानंतर रोज दिवेलागणीला गाडी आपोआप किंचाळायची. पहिल्यांदा शेजाऱ्यांनी शिव्या घातल्या. मग काकूंनी हिशोब मांडला: ही तर अण्णांची कामावरून परतायची वेळ! झालं, शिव्या थांबल्या आणि हात जोडले गेले. काकूंनीच महाराजांना गाठलं. त्यांनी अण्णांच्याच गाडीतून यावं, असं आईला वाटलं. म्हणून शिष्य येऊन चावी घेऊन गेला. महाराज आले, आणि तेव्हापासून गाडी नुसती रडत नव्हती, बोलायलाही लागली होती.

इकडे गर्दीत काकूंनी आता मुलाच्या नोकरीचं विचारलं. टुक, टुक. यावेळी मास्तरीण वाट काढत गाडीपाशी गेली आणि कुणाचं लक्ष नसताना तिनं मागच्या दाराची मूठ हलकेच ओढली. दार उघडलं. तिनं ते तसंच लावलं. यावेळी मात्र आशीर्वाद आला नाही. महाराज डोळे मिटून बसले ते बसलेच. शेवटी त्यांनी एक डोळा किलकिला करून शिष्याकडे पाहिलं.

रात्रीच्या जेवणाला आई दोन घास जास्त जेवली. मास्तरणीनं ताटावरूनच विषय काढला.

"आई, अण्णा 'नाही' म्हणतात तेव्हा गाडीची कुलुपं उघडतात. मी दार ओढून पाहिलं. आत्म्याला बाहेर पडायला दार उघडावं लागतं का गं?"

"तुला सगळ्यात खोटच दिसते."

"गाडीचे रिमोट दोन होते. दुसरा कुठाय?"

"त्या शिष्याकडे राहिला. म्हणाला, महाराजांना कधी न्यायला-आणायला लागलं तर असू दे." आईनं ताट सरकवलं. "देवाच्या माणसाकडे हिशोब मागायचा का?"

"देवाचा माणूस आणि देव यांत फरक आहे, आई. देवावर विश्वास ठेव. मीही ठेवते. पण देवानं तुला कधी ऑपरेशन करू नको म्हणून सांगितलंय?"

आई नुसती ओढणी नीट करत राहिली.

मास्तरीण भांडी घासायला उठली. नळाखाली हात होते, डोक्यात मात्र एक जुनी दुपार होती. अण्णा गाडीत बसलेत, एक पाय बाहेर, आणि अलार्मची सेटिंग करताहेत. चावी फिरवायची, बंद करायची, पुन्हा फिरवायची, मग स्टिअरिंगखालचं दडलेलं बटण दाबायचं. भोंगा जितक्या वेळा टुक करेल त्या नंबरची सेटिंग. जरा उशीर झाला की अलार्मचं यंत्र सेटिंगमधून बाहेर पडायचं, आणि अण्णा वैतागायचे, "हात्तिच्या! परत पहिल्यापासून!" लेक बाहेर रिमोट धरून हसत उभी. अण्णा माणूसच भारी घोर लावून घेणारा. एकदा कुणी काच फोडली तेव्हा त्यांनी धक्क्याची सेटिंग सगळ्यात कडक करून ठेवली. आईच्या हातून रिमोट चुकून दाबला जातो, म्हणून कुलूप उघडल्यावर कुणी दार उघडलं नाही तर गाडी थोड्या वेळात आपणहून पुन्हा बंद होईल, अशी सोय केली. तेच आता आशीर्वाद झालं होतं.

बुधवारी ती शाळेतून अर्धी रजा टाकून आली. पुढची बैठक त्याच संध्याकाळी होती, आणि गुरुवार उजाडायला एकच रात्र उरली होती. पार्किंग रिकामं होतं. गाडीत बसून तिनं चावी फिरवली, बंद केली, फिरवली. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. टुकटुक ऐकून वॉचमन धावत आला.

"ताई, तुमच्याशीपण बोलतात अण्णा?"

"बोलतात की. म्हणतात, परत पहिल्यापासून कर."

शेवटी जमलं. यंत्राला रिमोट नव्यानं ओळखायला लावला की आधीचे सगळे ते विसरतं. तिनं आईच्या चावीचा रिमोट तेवढा शिकवला आणि तो पर्समध्ये टाकला. धक्क्याची सेटिंग मात्र तशीच ठेवली.

संध्याकाळी गर्दी दुप्पट झाली होती.

"अण्णा, आलात का?" महाराजांनी विचारलं.

गाडी गप्प.

"अण्णा?"

शालीत हालचाल झाली. गाडी दगडासारखी थंड. महाराजांच्या कपाळावर घाम आला, पण जीभ काही अडखळली नाही. "आत्मा रुसलाय! इथे कुणीतरी नास्तिक उभा आहे!"

"नास्तिक नाही, महाराज. मी आहे," मास्तरीण पुढे आली. "मी विचारते. अण्णा, दोन आणि दोन पाच होतात का?"

टुक.

गर्दी गोंधळली. "अण्णा, महाराज गेल्या जन्मी कोंबडा होते का?"

टुक.

जिन्यावर हशा पिकला. महाराज उठून उभे राहिले. "ही आत्म्याची विटंबना आहे!"

"अण्णा, आईनं ऑपरेशन करायचं का?" तिनं आईकडे बघत विचारलं. टुक. मग तिनं पर्समधला हात बाहेर काढून वर धरला. "बघा सगळ्यांनी. हे बटण दाबलं की कुलूप लागतं, एक आवाज. हे दाबलं की उघडतं, दोन आवाज. हेच तुमचं हो आणि नाही. दुसरा रिमोट शालीत आहे, पण आज दुपारपासून गाडी त्याला ओळखत नाही."

"खोटं आहे!" शिष्य ओरडला.

"मग हात दाखव की, बाळा," काकू म्हणाल्या. त्यांच्या मुलाला नोकरी नाही म्हणून ह्याच हातानं सांगितलं होतं. त्यांनी शाल धरून ओढली आणि रिमोट फरशीवर खळकन पडला.

"अहो, पण संध्याकाळचं रडणं?" इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले. "ते तर महाराज यायच्या आधीपासून होतं."

"दोन मिनिटं थांबा."

पाण्याचा टँकर रोजच्यासारखा गुरगुरत, मागे मागे येत गेटातून आत शिरला. फरशी थरथरली आणि गाडी किंचाळली. तिनं बटण दाबून ती बंद केली. "अण्णांनी धक्क्याची सेटिंग कडक ठेवली होती. अण्णा होते तेव्हा टँकरच्या वेळी गाडी अजून परतीच्या रस्त्यावर असायची, म्हणून तुम्ही कधी ऐकलं नाहीत."

महाराज केव्हा सटकले ते कुणी पाहिलं नाही. लोकांनी खुर्च्या उचलल्या. थोडे ओशाळले, थोडे चिडले, आणि दोघातिघांनी तिच्याचकडे असं पाहिलं की जणू चोरी हिनंच केली. शहाणपण फुकट मिळालं तरी माणसाला महाग पडतं.

आई गाडीपाशीच उभी होती.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "एकदा देवानं नेलं त्यांना. आज तू नेलंस."

 मास्तरीण गाडीशेजारी जिन्याच्या पायरीवर बसली. आता उभं राहवत नव्हतं. "हो, नेलं," ती म्हणाली. "तुला ठेवायचंय म्हणून."

मग आई तिच्याशेजारी बसली. "मला ठाऊक होतं गं. ते बटण-बिटण नाही, पण हे बोलणं त्यांचं नाही, हे ठाऊक होतं. त्यांनी मला असं हातावर हात ठेवून बसू दिलं असतं का? पण मला 'नको' ऐकायचं होतं. गळ्यावर सुरी फिरली आणि आवाज गेला तर? देवापुढे दोन ओळी गाते, तेवढंच उरलंय मला."

"हे डॉक्टरांना विचारलंस?"

"नाही."

"आणि गाडीला विचारलंस."

आईला हसू आलं, आणि रडूही.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात आईनं शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायचं पेन हातात धरून ठेवलं आणि विचारलं, "डॉक्टर, माझा आवाज जाईल का?"

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. आवाजाची नस कुठून जाते हे त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. काही दिवस आवाज बसेल, बहुतेकांचा परत येतो, थोड्यांचा आधीसारखा येत नाही, आणि गाठ ठेवली तर काय होईल, तेही सांगितलं. काही गोड नव्हतं त्यात. देवाला हात जोडावेत, मन हलकं होतं. पण शरीराचं विचारायचं तर ज्यानं शरीर पाहिलंय, जो चुकू शकतो हे कबूल करतो आणि चुकला तर ज्याचा हात धरता येतो, त्यालाच विचारावं. पडद्याआडून एका शब्दात उत्तर देणाऱ्याला कशाचाच जाब द्यावा लागत नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग आणखी तीन प्रश्न विचारले, एकेकाचं उत्तर पुरतं ऐकलं, आणि सही केली.

"गाऊन घेऊ का एकदा?" तिनं विचारलं.

"गा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईनं डोळे मिटले आणि देवाच्या दोन ओळी गायल्या. दारातली नर्स ट्रॉली धरून थांबली, आणि मास्तरीण भिंतीला टेकून ऐकता ऐकता, किती दिवसांनी कोण जाणे, उभ्या उभ्याच झोपी गेली.