एप्रनवाल्यांनी बसायचं नाही

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सूप, पाव आणि चहा मिळायचा, आणि ते घ्यायला येणाऱ्यांना ‘पाहुणे’च म्हणायचं, अशी सक्त ताकीद होती. चर्च मेथडिस्ट पंथाचं, आणि मेथडिस्ट माणूस नियमाचा पक्का. हॉलचे नियम दोनच, पण त्यांत सूट नाही. नव्या पाहुण्याला पहिल्या दिवशी काही म्हणजे काही विचारायचं नाही. नाव नाही, पत्ता नाही, घरी कोण असतं हे तर नाहीच नाही. आणि ज्यानं एप्रन घातला त्यानं बसायचं नाही. एप्रनवाला एकदा का टेबलाशी टेकला की गप्पांत रमतो आणि तिकडे पातेल्यात सूप निवतं, हा अनुभवाचा बोल.

हा दुसरा नियम तिकीटमावशीच्या फार सोयीचा होता. उभ्या माणसाला कुणी स्वतःचं सांग म्हणत नाही.

उभा जन्म पोस्टात तिकिटं विकण्यात गेला, म्हणून ती तिकीटमावशी. खिडकीच्या आत बसून बाहेरच्याला जोखायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. कोण पावाचा तुकडा गुपचूप रुमालात गुंडाळतो; कोण भूक नसतानाही पुन्हा रांगेत लागतो, कारण रांगेत मागचापुढचा दोन शब्द बोलतो; कोण चहा गार होईपर्यंत ओठांना लावत नाही, कारण कप रिकामा झाला की उठावं लागतं. सगळ्यांचा जमाखर्च मावशीच्या डोक्यात. स्वतःचं पान तेवढं तिनं कोरं ठेवलं होतं.

खिडकीजवळच्या टेबलावर कंडक्टर बसायचा. बसगाड्यांतून आयुष्यभर माणसं चढवली-उतरवली, आता त्याच्या घराची पायरी कुणी चढत नव्हतं. हॉलचं सूप त्याला कधी आवडलं नाही आणि त्यानं ते कधी टाकलंही नाही.

“मावशी, आज काय आहे यात?”

“गाजर.”

“कुठाय?”

“शोधा. सापडलं तर तुमचं.”

“आमच्या गाडीत असं केलं असतं ना, पब्लिकनं उतरवून मारलं असतं.”

“मग उतरा. मागे रांग आहे.”

एवढी सलामी झाली की तो मूळ पदावर यायचा. मुलगा परगावी, फोन केला की ‘बाबा, नंतर करतो’ म्हणतो, आणि तो नंतर काही उजाडत नाही. सूनबाईंचा आवाज कसा आहे हे विसरायला झालंय. रात्री झोप लागेना म्हणून रेडिओ लावून ठेवतो, बातम्या सांगणारी बाई निदान ‘नमस्कार’ तरी म्हणते. मावशी हातात डाव घेऊन उभ्या उभ्या ऐकायची, हं म्हणायची. मग पातेलं घासून झालं की एप्रनच्या गाठीला हात घालत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “चला बाई, घरी वाट बघत असतील.”

घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. पोस्टातून निघतानाही ती हेच म्हणायची, आणि आई होती तोवर ते वाक्य खरं होतं. आई अंथरुणाला खिळून होती, मावशीनं लग्नाचा विचार पुढे ढकलत ढकलत शेवटी ढकलूनच दिला, आणि मग एका हिवाळ्यात आई गेली. घरात बोलायला भांडी उरली. धाकट्या बहिणीचा फोन यायचा, पण तिच्या मागे तिचा संसार. “ताई, बरी आहेस ना?” या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असायचं, मावशीनं खाली नुसती सही करायची.

त्याच हिवाळ्यात ती चर्चसमोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहायला लागली. दारावरची पाटी वाचायची: ‘या, बसा, बोला.’ वाचून परत जायची. शेवटी एक दिवस नेट धरून आत शिरली, ती सूप प्यायलाच. पण दारात उभ्या होत्या दातवाल्या डॉक्टरीणबाई. दवाखाना बंद केल्यापासून त्या हॉलचं स्वयंपाकघर चालवत होत्या, तेही दवाखान्यासारखंच. इस्त्रीचा कोट, नीट विंचरलेले केस पाहून त्यांनी मावशीच्या हातात थेट एप्रनच ठेवला. “बरं झालं बाई आलात! आज दोघींनी दांडी मारलीय. कांदे चिरता येतात ना?”

‘मी जेवायला आलेय’ हे वाक्य मावशीच्या ओठांवर होतं. ते तिनं गिळलं आणि कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेवढ्यात चर्चचे तेव्हाचे म्हातारे पाळक शेजारी येऊन उभे राहिले. फुटपाथवरची बाई त्यांनी खिडकीतून पाहिलेली असावी. ते एवढंच म्हणाले, “कांद्याचं एक बरं असतं. कारण विचारायची वेळ कुणावर येत नाही.” आणि गेले. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पण मेथडिस्टांचे पाळक एका जागी मुरत नाहीत. वार्षिक परिषदेत बिशप नेमणुका वाचतात आणि ट्रंका भरल्या जातात. म्हातारे पाळक गेले आणि त्यांच्याबरोबर मावशीबद्दल खरं जाणणारं एकमेव माणूसही गेलं.

नव्या आल्या त्या पाळकबाई. तरुण, चटपटीत, मनानं चांगल्या. चांगल्या मनाच्या माणसापासून सावध राहावं लागतं हे मावशीला पोस्टात कळायला हवं होतं. मनगट दुखत होतं, म्हणून एका शुक्रवारी तिच्या हातून सुपाचं भांडं निसटलं. कुणाला भाजलं नाही, फक्त फरशी आणि कंडक्टरचे बूट न्हाले. (“एवढं गाजर मला ताटात कधी मिळालं नाही,” असं तो बुटांकडे बघून म्हणाला.) पुढच्याच आठवड्यात पाळकबाईंनी मावशीला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली.

“मावशी, किती केलंत तुम्ही! आता कॉलेजची मुलंमुली यायला लागलीत. तुम्ही आराम करा.”

“घरी आराम ढिगानं पडलाय बाई, कुणी न्यायलासुद्धा येत नाही.”

पाळकबाई मनापासून हसल्या. “बघा, तुमचा हा स्वभाव! पण घरच्यांचाही विचार करायला हवा ना? तुम्ही इथं उभ्या, आणि ते बिचारे वाट बघत बसणार.”

वाट बघणारे मावशीनंच पोसले होते, हॉलभर फिरवले होते. आता ते तिच्या अंगावर आले.

निरोप समारंभ झाला. गीत झालं, प्रार्थना झाली, डॉक्टरीणबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला आणि मावशीच्या हातात भेट आली: सहा माणसांचा डिनर सेट. “सगळे मिळून जेवा,” पाळकबाई म्हणाल्या. खोका एवढा जड की तो टॅक्सीत ठेवायला दोघे लागले. घरी दाराशी टॅक्सीवाल्यानं विचारलं, “आतून कुणाला बोलावू का?” मावशी म्हणाली, “झोपलेत सगळे.” आणि खोका पायानं सरकवत सरकवत आत नेला.

पहिला मंगळवार तिनं कपाटं आवरण्यात घालवला. शुक्रवारी आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. त्यानंतर तिच्या लक्षात आलं की दूधवाल्याला ‘उद्या अर्धाच लिटर’ म्हटल्यानंतर आपला आवाज आपण ऐकलेलाच नाही. बहिणीचा फोन आला. “ताई, चर्चचं काम कसं चाललंय?”

“श्वास घ्यायला फुरसत नाही,” मावशी म्हणाली, आणि तिकडून “बरं आहे बाई तुझं” असं आलं.

हिशेब साधा होता. हॉलमध्ये पाऊल टाकायचं तर आता पाहुणी म्हणून. आणि पाहुणी म्हणून बसायचं तर घरचे सगळे, जे कधी नव्हतेच, ते एका दमात मारून टाकायचे, तेही तिला मानणाऱ्या माणसांच्या देखत. नाही गेलं तर मान शाबूत राहणार होता, फक्त तो बघायला कुणी नसणार होतं.

एका शुक्रवारी ती गेली. डॉक्टरीणबाईंनी दारातच ओरडून स्वागत केलं, “अगं बाई! भेटायला आलात?” मावशीच्या तोंडून “हो” निघून गेलं. तिला मानानं ऑफिसात नेलं, चांगल्या कपात चहा दिला, वर दोन बिस्किटं. भिंतीपलीकडून चमच्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं, आणि ती नव्या पडद्यांची तारीफ करत होती. कप रिकामा होताच डॉक्टरीणबाई उठल्या. “नाही हं, आता तुम्हाला अडकवत नाही. घरी खोळंबले असतील.” आणि तिला फाटकापर्यंत पोचवलंसुद्धा.

मंगळवारी ती उशिरा गेली, डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात अडकलेल्या असतील अशा बेतानं. दारावर नवी मुलगी होती. “या, बसा,” ती म्हणाली, आणि मावशी खरोखरच जाऊन बसली. कंडक्टरच्या टेबलावर, त्याच्या समोर. खुर्ची इतकी ठेंगणी आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिथून सगळे एप्रनवाले उंच दिसत होते.

स्वयंपाकघराच्या दारात डॉक्टरीणबाई आल्या आणि थबकल्या. मावशीनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं आणि समोरची रिकामी ताटली जरा पुढे सरकवली. एवढं पुरलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. त्या आत वळल्या, तिथल्या मुलामुलींना हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि मावशीला न ऐकताही कळलं काय सांगितलं ते: ‘पहिला दिवस आहे. काही विचारू नका.’

आणि कुणी काही विचारलं नाही. सूप आलं, त्यासोबत एक हसू आलं. दात न दाखवणारं, डोळे खाली ठेवणारं, समोरच्याला अवघडवायचं नाही म्हणून लगेच मागे फिरणारं. हे हसू मावशीनंच नव्या मुलींना शिकवलं होतं, चार चार वेळा करून घेतलं होतं. पाळकबाई टेबलांमधून फिरत आल्या, तिच्यापाशी क्षणभर रेंगाळल्या, तिच्या खांद्याला नुसता हात लावला आणि पुढे गेल्या. सगळ्यांनी इतकं नीट वागायचं ठरवलं होतं की मावशीभोवती दोन हात जागा मोकळी झाली होती. बोलायची तयारी करून आलेली ती, आणि तिला कुणी तोंड उघडू देईना.

कंडक्टर मात्र पाहुणा, त्याला कसला नियम? “काय मावशी,” तो पाव मोडत म्हणाला, “आज चक्क बसलात? पाय दुखतात वाटतं.”

किती सोपं होतं. ‘हो’ म्हटलं की सुटली असती.

“पाय बरे आहेत,” ती म्हणाली. “घरी कुणी नाही.”

“गावाला गेलेत?”

“नाहीतच. आई गेल्यापासून कुणी नाही.”

कंडक्टरचा हात पावावरच थांबला. “म्हणजे ते वाट बघणारे?”

“नव्हते.”

तो हसेल, टोमणा मारेल, फार तर ‘अरेरे’ म्हणेल, एवढं तिनं धरलं होतं. तो लाल झाला.

“म्हणजे मी इतकी वर्षं,” तो हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, पण ते त्याला जमत नव्हतं, “मुलाचं, सुनेचं, रेडिओचं, सगळं तुमच्यापुढे उकललं. लाज वाटायची मला. म्हणायचो, या बाईचं घर भरलेलं, हिला आपलं काय कळणार, तरी बिचारी ऐकते. आणि तुम्ही? एक शब्द बोलला असतात तर काय तिकीट लागणार होतं?”

“मला जमलं नाही.”

“मला बरं जमलं!”

त्यानं ताटली उचलली, पाव उचलला, आपला पेला उचलला, आणि एवढं सगळं एकदम नेता येईना म्हणून मिठाची बाटली काखेत धरली. खिडकीजवळची ती जागा, जिच्यासाठी त्यानं कितीजणांशी भांडणं केली होती, ती सोडून तो भिंतीकडच्या टेबलावर जाऊन पाठमोरा बसला.

हॉलमध्ये माना वळल्या आणि पुन्हा ताटल्यांत गेल्या. मावशीला उठून जावंसं वाटलं. कोट अंगावरच होता, दार चार पावलांवर. पण गेलं तर कुठे, हाही हिशेब झालेला होता. तिनं चमचा उचलून सूप तोंडात घेतलं. अगदीच पुळचट. इतकी वर्षं ढवळलं, वाढलं, पण बसून कधी चाखलं नव्हतं. पाहुणे काय म्हणून तक्रार करायचे ते आत्ता कळलं. मीठ हवं होतं आणि मीठ त्याच्या टेबलावर होतं.

एप्रनवाली मुलगी जवळच उभी होती, सांगितलं असतं तर धावत आणून दिलं असतं. मावशीनं तिच्याकडे पाहिलं नाही. या हॉलमध्ये तिनं आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं, त्यामुळे आवाज केवढा लावायचा याचा अंदाज आला नाही आणि तो सगळ्या हॉलभर गेला.

“ओ कंडक्टर! मीठ द्या इकडे.”

त्याची पाठ हलली नाही. आतल्या नळाचं पाणीसुद्धा कुणीतरी बंद केलं. मावशी चमचा हातात धरून बसून राहिली. मग, मान न वळवता, त्यानं बाटली शेजारच्याच्या हातात दिली. शेजारच्यानं ती पुढच्या टेबलावरच्या म्हातारीला दिली, म्हातारीनं मीठ नक्की कुणाला हवंय ते डोळे बारीक करून पाहून घेतलं आणि पुढे सरकवलं. आणि अशी हातोहात, प्रत्येकाची नजर घेत, ती बाटली मावशीपर्यंत आली.

तिनं बाटली सुपावर उलटी केली, मीठ जरा जास्तच पडलं. ती तसंच खाऊ लागली.

“झालं असेल तर परत पाठवा,” भिंतीकडून आवाज आला, अजून रागातच. “इथंही लागतं.”