पोटावरची तिजोरी

नवरा विमा कंपनीतून निवृत्त झालेला. जगात आपण सोडून सगळे बेसावध, अशी त्याची पक्की समजूत. परदेशी निघताना त्याने पोटाला बांधायची एक पिशवी आणली आणि दोघांचे पासपोर्ट, सगळ्या नोटा, कार्डं तिच्यात कोंबली. वर पासपोर्टच्या झेरॉक्सही.

"अहो, झेरॉक्स तरी सुटकेसमध्ये ठेवा," बायको म्हणाली.

"तुला यातलं काही कळत नाही. सगळं एका जागी असलं की लक्षही एकाच जागी ठेवायचं."

तिकडे गेल्यावर त्या लक्षाचे धिंडवडे निघाले. पाण्याची बाटली घ्यायची तरी स्वारी भर रस्त्यात शर्ट वर करणार, पोट आत ओढणार, चेन उघडून नोटा चाचपणार. दुकानदारीण तोंड फिरवायची. येणारेजाणारे मात्र नीट बघून घ्यायचे. बायको चार पावलं लांब उभी राहायची, जणू हा कोण कुठला!

शेवटी तिने हात पुढे केला. "माझा पासपोर्ट आणि निम्मे पैसे माझ्याकडे द्या."

"हरवशील."

"हरवला तर माझा हरवेल."

त्याने ते असे दिले, जणू किडनीच काढून देतोय.

घामाने त्याच्या पोटावर पुरळ उठलं. एका कॉफीच्या दुकानात बाथरूममध्ये जाऊन त्याने पिशवी सोडली, दारामागे टांगली, पावडर थापली आणि हायसं वाटून तसाच बाहेर आला. संग्रहालयाच्या तिकीटखिडकीशी ऐटीत शर्ट वर केला, तर आत नुसती पावडर! धावतपळत परत गेले. पिशवी गायब.

"मोठी टोळी असणार," तो वकिलातीतल्या बाईंना म्हणाला.

"पासपोर्टची झेरॉक्स आहे?"

त्याचा हात आपसूक पोटाकडे गेला.

"ती पासपोर्टला सोबत म्हणून गेली," बायको म्हणाली.

कागद मिळायला आठवडा लागणार होता आणि विमान दुसऱ्या दिवशी. त्याचा उतरलेला चेहरा बघून तिला जरा कणव आली. थांबावं, असंही मनात आलं. तेवढ्यात तो म्हणाला, "तू थांबच. एकटीला तुला विमानतळावर जमायचं नाही."

तिने हॉटेलचे आणि जेवणाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तो कठड्यापलीकडून ओरडून सूचना देत राहिला. ती मागे वळली नाही. आपल्याला वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण लागली ती सपाटून भूक.