लाल ठिपक्यांची वही

बाबा गेले त्याला दीड महिना झाला असेल, तेव्हा डॉक्टरकाका घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि उठता उठता ते म्हणाले, "त्याची ती वही चार दिवस मिळेल का गं? सहज. बघावीशी वाटते."

तिने मागचापुढचा विचार केला नाही. शहराच्या प्राणिसंग्रहालयात काका प्राण्यांचे डॉक्टर, बाबा अस्वलांचे रखवालदार. हुद्द्यांत जमीन-अस्मानाचं अंतर, पण एकतीस वर्षं दोघांनी एकाच बाकावर बसून डबा खाल्ला होता. कपाटातून वही काढून, धूळ पुसून, वर कागद गुंडाळून तिने ती स्वतः त्यांच्या हातात दिली.

"तुमच्याशिवाय ती कळणार तरी कोणाला," आई म्हणाली.

वही जाड पुठ्ठ्याची होती. पानापानावर बाबांनी अस्वलांच्या आवाराचा नकाशा काढला होता. रेघा वाकड्यातिकड्या, पण प्रत्येक दगड जागच्या जागी. त्यावर रंगीत पेन्सिलीचे ठिपके. सुट्टीच्या दिवशी गर्दी उसळायची तेव्हा बाबा कोपऱ्यात उभे राहून अस्वल कुठे जातं ते टिपायचे. अठरा वर्षं टिपलं. शेजारच्या पिंजऱ्यांच्या रखवालदारांनाही त्यांनी नादी लावलं, आणि मग वहीत बिबट्या आला, पाणमांजरं आली. वहीच्या शेवटच्या पानांवर त्यांच्या कल्पना होत्या, की हे संग्रहालय पुन्हा बांधलं तर कसं असावं. वाटा सरळ नकोत, वळणाच्या हव्यात. माणसांनी एकाच बाजूने यावं, चारी बाजूंनी वेढा घालू नये. बाक जरा लांब ठेवावेत. "प्राण्याला बाहेर काढायचं नाही, माणसाला थांबायला शिकवायचं," असं ते म्हणायचे. कचेरीत हे कळलं तेव्हा आठवडाभर हशा पिकला. रखवालदार आता आर्किटेक्ट झाले म्हणे. हसले नाहीत ते एकटे डॉक्टरकाका.

चार दिवसांसाठी गेलेली वही पाच महिन्यांनी परत आली, एका मोठ्या पाकिटातून. सोबत निमंत्रण होतं: नव्या आराखड्याचं प्रदर्शन, नागरिकांनी सूचना व हरकती नोंदवाव्यात. त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. "वहिनींना नक्की घेऊन ये. त्याच्या नावाची एक गोष्ट आहे तिथे."

आईने ठेवणीतली साडी काढली. कितीतरी दिवसांनी आरशासमोर उभी राहिली.

संग्रहालयाच्या आवारातल्या सभागृहाच्या मधोमध लांबलचक टेबलावर नवं प्राणिसंग्रहालय मांडलं होतं. थर्माकोलच्या टेकड्या, स्पंजची झाडं, निळ्या काचेचं तळं. एक आर्किटेक्ट बाई हातात काठी घेऊन समजावून सांगत होत्या. वाटा वळणाच्या होत्या, लोक एकाच बाजूने येत होते. बाबांचं ऐकलं तर कोणीतरी.

"आणि हे आमचं खरं वैशिष्ट्य," बाई म्हणाल्या. त्यांनी बटण दाबलं तशा टेबलावर छोटे छोटे लाल दिवे लागले. "प्रत्येक दिव्याच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत काचेची खिडकी. प्राणी वीतभर अंतरावर. लोक तक्रार करतात ना, की तिकीट काढलं आणि प्राणी दिसलाच नाही? आता दिसणार म्हणजे दिसणार."

ती वाकली. अस्वलाच्या आवारातला दिवा पाण्याच्या टाकीमागे होता, भिंत आणि वडाचं खोड यांच्यामधल्या फटीत. बिबट्याचा दिवा दगडाच्या कपारीत. पाणमांजरांचा पुलाखाली. हे सगळं तिने आधी पाहिलं होतं. घरी, जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या पेन्सिलीखाली.

"या जागा कशा ठरवल्या?" तिने विचारलं.

"आमचं नशीब म्हणा. इथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याची निरीक्षणं मिळाली, अठरा वर्षांची. प्राण्यांच्या आवडत्या जागा लाल रंगात. अगदी सोन्याची खाण."

अस्वलाच्या खिडकीशेजारी नखाएवढी पितळी पाटी होती. तिच्यावर बाबांचं पूर्ण नाव आणि खाली 'दर्शन-खिडकी'. आई त्या पाटीवरून हळूच बोट फिरवत होती.

तिने पिशवीतून वही काढून उघडली. सुरुवात थेट पहिल्या नकाशानेच होत होती. त्याआधीचं पान नव्हतं. शिवणीपाशी कागदाची बारीकशी पट्टी उरली होती, धार सरळ, कुठे म्हणून फाटलेलं नाही. शस्त्रक्रियेला सरावलेला हात होता तो.

त्या पानावर काय होतं ते तिला पाठ होतं, कारण ते तिनेच लिहिलं होतं. ती सातवीत असताना. बाबांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागायचं नाही, म्हणून त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं आणि तिने रेघ मारून, वळणदार लिहिलं होतं. हिरवा: खाते, झोपते. निळा: खेळते. लाल: इथे अस्वलीण आपल्यापासून लपते. ही जागा कोणाला सांगायची नाही.

आणि तिनेच ती वही वर कागद गुंडाळून देऊन टाकली होती.

काका बाहेर व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्रापाशी सापडले. तिने उघडी वही पुढे धरली. त्यांनी त्या पट्टीकडे पाहिलं आणि ग्लास पुन्हा भरून घेतला.

"ते पान असतं तर एकही खिडकी झाली नसती," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मला नाही तर कोणाला माहीत असणार? पण बाळा, लोकांना प्राणी दिसत नाहीत म्हणून लोक येत नाहीत. लोक येत नाहीत म्हणून हे बंद करायला निघाले होते. बंद झालं असतं तर बाईसाहेबांना कुठे पाठवलं असतं, कल्पना आहे?"

बाईसाहेब म्हणजे म्हातारी अस्वलीण. हे नाव बाबांनीच ठेवलं होतं.

"मग जातील कुठे त्या, गर्दी झाली की?"

काकांनी एक घोट घेतला. "सवय होते," ते म्हणाले. "त्यानेसुद्धा शेवटी हो म्हटलं असतं."

"पाच वर्षं या आराखड्याचं चाललं होतं, काका, आणि तुम्ही दोघं रोज त्याच बाकावर बसत होतात. विचारायचं होतं त्यांना. समोरच तर होते."

"त्याचं नाव लागतंय, ते बघ. वहिनींचा चेहरा पाहिलास ना? आता आत जाऊन काही बोललीस तर पाटी निघेल. मग त्यांना काय सांगशील, ते ठरव."

केसाने गळा कापणं तिने पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. कापणारा माणूस इतक्या मायेने बोलत असेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आई अजून पाटीपाशीच होती. तिने आईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, पान कापल्याचंही. आईचा चेहरा आधी घट्ट झाला.

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांचं नाव लिहिलं. तेही तुला खुपतंय?"

आई पुन्हा टेबलाकडे वळली. टाकीमागच्या त्या लाल दिव्याकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"बाईसाहेबांकडे जायच्या आधी ते खोकायचे," आई शेवटी म्हणाली. "ठाऊक आहे ना? वळणावरच. म्हणजे तिला आत जायचं असेल तर जाऊ दे. घरीसुद्धा तसेच. माझ्या खोलीत कधी न खोकता आले नाहीत." मग तिने चष्मा काढून पुसला. "लिही जा तू."

दाराजवळच्या टेबलावर कारकून अर्ज देत होता. "सूचना की हरकत?"

"हरकत."

"सोबत पुरावा?"

"पान कापलंय. पण लिहिलेलं माझंच होतं."

कारकुनाने खांदे उडवले. तिने रेघ मारली आणि सातवीतल्यासारखं वळणदार अक्षर काढत त्या ओळी पुन्हा लिहिल्या, हिरवा, निळा, लाल. खाली लिहिलं, की खिडक्यांच्या जागा बदलाव्यात, आणि बदलणार नसाल तर आमच्या माणसाचं नाव काढून घ्यावं.

तांत्रिक सल्लागार म्हणून प्रत्येक अर्जावर पोच द्यायचं काम डॉक्टरकाकांकडे होतं; ते एव्हाना आत येऊन टेबलाशी बसले होते. त्यांनी कागद घेतला. दुसऱ्या ओळीपाशीच त्यांची नजर अडली.

"अक्षर ओळखलंत?" तिने विचारलं.

त्यांनी सही करून, शिक्का मारून कागद ढिगाच्या अगदी तळाशी सरकवला. तिने तो तिथून ओढून काढला आणि सगळ्यांत वर ठेवला. शेजारी आर्किटेक्ट बाई उभ्या होत्या. त्या वाकून वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

पुढचं ऐकायला मायलेकी थांबल्या नाहीत.

फाटकाकडे जाणारी वाट अस्वलांच्या आवारावरून जात होती. वळणापाशी आई थांबली आणि चांगली मोठ्याने खोकली. पलीकडे पाचोळा वाजला, टाकीमागे काहीतरी जड सरकलं. दोघी लांबच्या बाकावर बसल्या. वही मांडीवर होती. समोर रिकामं आवार, दगड, टाकी, वडाचं खोड.

"दिसत नाहीये," आई म्हणाली.

"नाही," ती म्हणाली, आणि दोघी बसून राहिल्या.