पानांचा अर्क

"वाकव अजून," मॅडम म्हणाल्या. तिने किरणांखालून काढलेली प्लॅस्टिकची पट्टी पार दुमडली. तुटली नाही.

सिरिंजचं प्लॅस्टिक जंतू मारण्यासाठी किरणांखाली ठेवलं की पिवळं पडायचं आणि खडूसारखं मोडायचं. त्यावर तोड म्हणून मॅडमनी त्यात पानांचा अर्क मिसळून पाहिला होता. प्रयोगशाळेत सगळ्यांचे चेहरे खुलले. तीही हसली, अशा वेळी हसायचं असतं म्हणून. गेला महिनाभर तिचं खाणंपिणं, येणंजाणं सगळं असंच चाललं होतं.

तिच्या नवऱ्याच्या मानेवरही रोज किरणं सोडत होते. घशात गाठ निघाली होती. ट्रक चालवताना ज्याच्या बडबडीने क्लीनरचे कान किटायचे, तो माणूस आता दोन-चार शब्दांवर आला होता. मानेची कातडी काळी पडून उशीला चिकटायची. तिला ते बघवत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं.

म्हणून बाटलीच्या तळाशी उरलेला अर्क तिने घरी आणला. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला कातडी आणि प्लॅस्टिक यांतला फरक कळत नव्हता, असं थोडंच आहे? कळत होता. तरी सकाळी तिने तो बोटाने हलकेच त्याच्या मानेला लावला. त्यानेही मान पुढे केली.

दुपारी इस्पितळात त्याची कॉलर खाली करताच सिस्टरचा पारा चढला. मानेवर टरारून फोड आले होते.

"काय फासलंय हे? काही लावायचं नाही म्हणून कितीदा सांगितलं? आता हे बसेपर्यंत किरणं बंद. मध्ये खंड पडला की गाठ वाढते, कळतंय का?"

ती खुर्चीतून उठली. 'मी लावलं' एवढंच म्हणायचं होतं.

"मी लावलं," नवरा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "शेजाऱ्याने सांगितलं होतं."

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"ड्रायव्हर. नको तो शहाणपणा केला."

सिस्टर बडबडत ओल्या बोळ्याने मान पुसू लागली. तो खाली मान घालून सगळं ऐकून घेत होता. बायकोकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"आणि बाई, तुम्ही घरात असता ना?" सिस्टर तिच्याकडे वळून म्हणाली. "जरा लक्ष ठेवत जा यांच्यावर."

"हो," ती म्हणाली. "ठेवते."