कदाचित माझाच गैरसमज झाला असेल

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. पत्र्यावर गुळगुळीत लेप देऊन मला घडवलं. आधी मी एका शाळेत होतो. तिथे स्क्रीन आले आणि मला इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये धाडलं.

इथे सुप्रभाताई दर बुधवारी स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवतात. त्यांची सारी नोकरी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये झाली, त्यामुळे त्या मला काचपट्टीसारखं स्वच्छ पुसतात. मला त्याचा अभिमान होता.

त्या बुधवारी धडा होता, अपेक्षाभंग कसा सांगायचा. "'तुम्ही मला फसवलंत' असं इथे तोंडावर म्हणत नाहीत," ताई म्हणाल्या आणि माझ्यावर त्यांनी लिहिलं : 'मला वाटलं होतं की तुम्ही... कदाचित माझाच गैरसमज झाला असेल.'

"माझी बायको तर सरळ चप्पल फेकते, टीचर!" कोलंबियाचा हर्नान म्हणाला. सगळे हसले.

"आता प्रत्येकाने स्वतःचं खरं वाक्य सांगा."

पिलार उठली. ती हॉस्पिटलमध्ये सफाईचं काम करते. या शहरात तिचं कुणी नाही.

"मला वाटलं होतं की रविवारी तुम्ही मला जेवायला बोलावणार," ती सावकाश म्हणाली. "तुमच्याकडे आणायला मी बटाट्याचं ऑम्लेट केलं आणि फोनजवळ बसले. कदाचित माझाच गैरसमज झाला असेल."

"वा, अगदी बरोबर!" ताई सवयीने म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला.

आदल्या बुधवारी कोट चढवताना त्याच म्हणाल्या होत्या, "रविवारी ये ना जेवायला, फोन करते." निघताना दारात आपण म्हणतो, तसं. आपली माणसं ते मनावर घेत नाहीत. पिलारने घेतलं होतं.

मला फार लाज वाटली. दुखावलेल्या बाईने स्वतःलाच दोष द्यायचा, आणि तो कसा द्यायचा हे माझ्याच अंगावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं!

ताईंनी डस्टर शोधलं नाही. तळहातानेच शेवटचं वाक्य पुसलं.

"गैरसमज तुझा नाही, पिलार. मी बोलावलं आणि विसरले. मला लाज वाटते आहे. आज चल घरी, साधा वरणभात आहे."

"आज नको, टीचर." पिलारने पर्स खांद्याला लावली. "आज मला राग आलाय. पुढच्या बुधवारी विचारा."

ती गेली.

मित्रांनो, स्वतःसाठी मी काही मागत नाही. पण कुणाला जेवायला ये म्हणालात, तर त्या दिवशी मूठभर तांदूळ जास्त धुवा.